दोंग्युच्या आईच्या कानातला मी

मी एक म्युझिक प्लेअर बोलतोय. आगपेटीहून थोडा मोठा, रुपेरी रंगाचा, गाताना उजळणाऱ्या छोट्या पडद्याचा, दोन पांढऱ्या इअरफोनचा. मान खाली घालून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो.

कोरियातल्या सोल शहरात, एका दुकानात काचेच्या कपाटात होतो तेव्हा मला भारी मिजास होती. बाहेरचा कसलाही आवाज आत येऊ न देता मी गातो, हे माझं कौतुक. शेजारी एक तांबडा, ढब्बू डबा बसलेला असे. मोठाली बटणं, उघडा स्पीकर, जुन्या ठेक्याची गाणी आतच भरलेली, आणि किंमत माझ्याहून कमी. म्हातारी माणसं तो पाठपिशवीला लटकवून डोंगर चढतात आणि अख्ख्या वाटेला गाणी ऐकवतात. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

मे महिन्यात तिकडे आईवडिलांना भेटी द्यायचा दिवस असतो, त्याच्या आधी दोंग्यु दुकानात आला.

"कोण ऐकणार?" दुकानदारानं विचारलं.

"आई. गावी असते, योंगयांगला. मिरचीचं रान आहे."

"मग हा तांबडा न्या साहेब. हात मातीचे असतात, बटणं मोठी बरी. शिवाय शेतात चारचौघी मिळून ऐकतात."

"छे, तो बोंबल्या? आई तो घेऊन गावभर फिरली तर मला तोंड लपवावं लागेल. आवाज स्वच्छ असलेलं काहीतरी दाखवा."

दोंग्यु स्वतः रोज मेट्रोत कान बंद करून, कोणाकडे न बघता कामावर जातो. त्यानं आईसाठी स्वतःचीच आवड विकत घेतली. मी मात्र कपाटातून निघताना त्या तांबड्याला हसलो. आज ते हसू आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ओकबुनबाईंनी, म्हणजे दोंग्युच्या आईनं, मला दोन्ही हातांनी घेतलं. बटणं इतकी बारीक, की त्यांच्या जाड बोटांना ती सापडेनात. आवाज दोंग्युनं लावून दिला तेवढाच राहिला, मोठा. फोनवर तो विचारायचा, "आई, वाजतं ना नीट?" त्या म्हणायच्या, "फार छान रे. कानात कोणी बसून गातंय असं वाटतं." फोन ठेवला की कान चोळत बसायच्या.

ऑगस्टमध्ये मिरच्या लाल झाल्या. तिथं तोडणी सावडीनं होते. आज सगळ्या बाया एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. त्या दिवशी सुनदोकताईंच्या रानात होत्या. ताई वयानं मोठ्या, तोंडानं फटकळ. "देठं ठेवा गं मिरचीला! डोळे घरी ठेवून आलात का?" असं त्यांचं चाललेलं. ओकबुनबाईंच्या कानात मी. पोरानं एवढं आणलंय, वापरायला नको का, म्हणून घातलेला. मी मनापासून गात होतो.

आणि ओकबुनबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "या जिभेपायीच हिची सून घर सोडून गेली."

त्यांना वाटलं, मनात म्हटलं. पण माझ्या आवाजात त्यांना स्वतःचा आवाज कळला नाही. त्या जवळजवळ ओरडल्या होत्या. सगळ्या ओळीत हात थांबले. जी गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नव्हतं, ती रानात सगळ्यांसमोर पडली होती. सुनदोकताईंनी टोपली तिथंच ठेवली आणि घरी गेल्या. ओकबुनबाई मात्र माझ्या ठेक्यावर मान हलवत तोडतच होत्या. शेवटी शेजारणीनं त्यांच्या कानातून मला उपटलं.

मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

ओकबुनबाईंच्या रानाची पाळी आली, तेव्हा कोणी फिरकलं नाही. एकट्या बाईला केवढं तोडून होणार? झाडावरच मिरच्या मऊ पडायला लागल्या. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत सडत होती. पोराला मात्र त्यांनी फोनवर सांगितलं, "सगळ्या आल्यात, मजा चाललीय."

संध्याकाळी त्या मला घेऊन सुनदोकताईंच्या ओसरीवर गेल्या.

"काय गं दोंग्युच्या आई, अजून काही बोलायचं राहिलंय का?"

"मी नाही बोलायची ताई. तुम्ही बोला. मनात असेल ते सगळं. मी हे कानात घालते, मला काही ऐकू येणार नाही."

त्यांनी दोन्ही इअरफोन घातले आणि समोर बसल्या. मला चालू केलंच नाही.

सुनदोकताईंनी मग तोंड सोडलं. नको नको ते बोलल्या. ओकबुनबाई गाणं ऐकल्यासारखी मान हलवत राहिल्या. हळूहळू ताईंचा आवाज बसला. "खोटं नाही गं बोललीस तू. जेवताना घासाघासाला टोचलं मी त्या पोरीला. नातवाचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही मला आता."

पुढे रडणंच होतं. ते थांबल्यावर ओकबुनबाईंनी मला काढलं.

"झालं बोलून?"

"झालं."

"मला काही ऐकू आलं नाही ताई."

सकाळी रानात ताई सगळ्यांच्या आधी हजर होत्या. मागून बाकीच्या आल्या. अर्ध्या मिरच्या वाचल्या.

पुढच्या बाजारात ओकबुनबाईंनी स्वतः तसलाच एक तांबडा डबा आणला. रानात आता तो बोंबलतो, आणि सगळ्या त्याच्याबरोबर बेसूर गातात. मी बियाण्याच्या डब्याशेजारी पडून असतो. आईसाठी काही घ्यायला निघालात, तर आधी तिला विचारा, ती दिवसभर कोणाबरोबर असते. एवढंच मागणं.

तरी अधूनमधून मला बाहेर काढतात. ओकबुनबाई त्या ओसरीवर जातात, मला कानात घालतात, आणि ताई बोलतात. गाण्यांनी भरलेला मी गप्प राहतो. खोटेपणात सामील आहे, म्हणून चोरट्यासारखं वाटतं.

परवा बोलता बोलता सुनदोकताईंची नजर माझ्या काळ्या पडद्यावर गेली. थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी मला हळूच पालथं ठेवलं आणि पुढे बोलू लागल्या.