घरचं रक्त

आमच्या जावयाची खोड अशी की हा माणूस कुणाला नाही म्हणत नाही. शेजारणीचं सिलिंडर उचलून देईल, पाहुणा म्हणून आला तरी पंखा दुरुस्त करत बसेल आणि मग बायकोपाशी पाठ धरून कण्हेल.

सुनेचं बाळंतपण अडलं, रक्त फार गेलं. पहिली पिशवी डॉक्टरीणबाईंनी तातडीनं लावली. दोन दिवसांनी दुसरी लागणार म्हणाल्या, तेव्हा मी आडवी आले. "परक्याचं पुरे. कोण कुठला, कसा राहतो, देव जाणे. आमचे जावई धडधाकट आहेत." गट जुळला तोही त्यांचाच.

रक्तपेढीत मी शेजारीच बसले. फॉर्म भरून घेणाऱ्या पोरीनं विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत हिवताप?" जावयानं माझ्याकडे पाहिलं. उशीर होतोय म्हणून मी डोळे वटारले. त्यांनी 'नाही'वर खूण केली.

ते रक्त चढवल्यावर बाराव्या दिवशी सून थंडीनं कुडकुडायला लागली. तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत. तान्हं बाळ तिच्या हातात द्यायची भीती वाटे. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला.

"हिवताप आहे. पिशवीतून आलाय."

"पिशवी तर फ्रिजमध्ये होती."

"त्या थंडीत तो जंतू लगेच मरत नाही, आजी. आणि थोडा असला की तपासणीत दिसतही नाही. म्हणून तर आधी विचारतो."

फॉर्म भरताना जावयानं माझ्याकडे पाहिलेलं आठवलं, आणि मी त्यांना बोलावणं धाडलं. माझ्या हट्टानं मागवलेली पिशवी ती.

जावई आले आणि मान खाली घालून बाकावर बसले.

"पुलाच्या कामावर आला होता ताप. दीड महिना झाला. गोळ्या घेतल्या, बरा झालो."

"मग बोलला का नाहीत?"

"आई, तुम्ही चारचौघांत धडधाकट म्हणालात. मग कसं सांगणार?"

आत सून कण्हत होती. औषध सुरू झालंय, उतरेल म्हणतात. माझा अजून जीव थाऱ्यावर नाही.

मी म्हटलं, "जावईबापू, जन्मात कुणाला नाही म्हणाला नाहीत, आणि म्हणालात ते नेमकं इथं. डोळे मी वटारले, तो दोष माझा, तिच्यापुढं मी कबूल करीन. पण खूण तुमच्या हातची. उठा. आत जाऊन तिला तुमच्या तोंडानं सांगा."