तांबड्याला पेज

देवीला दिलेला शब्द मोडायचा नाही, हे सदा नाखव्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं तत्त्व होतं. तीन पिढ्यांत तो दोनदाच मोडला होता, आणि दोन्ही वेळा देवीने फारसं मनावर घेतलं नव्हतं.

या खेपेला मात्र सदाच्या बायकोने, तुळशीने, पळवाटच ठेवली नव्हती. मे महिन्यात वारा उठला आणि त्यांचा मुलगा विनेश ज्या बोटीवर खलाशी होता, तिचा दोन दिवस पत्ता लागेना. अशा वेळी कोळीवाड्यातल्या बायका 'एक कोंबडा देईन' म्हणून मोकळ्या होतात. तुळशी गावदेवीपुढे हात जोडून म्हणाली, "परसातला माझा तांबडा, पांढऱ्या शेपटीचा, तोच देईन." तिसऱ्या दिवशी विनेश घरी आला. बोट कुठल्याशा खाडीत नांगर टाकून निवांत होती, आणि त्याच्या फोनची बॅटरी रील बघून संपली होती.

मग मासेमारी बंद झाली, पाऊस लागला, नवस मागे पडला. ऑगस्टात विनेशच्या बोटीचा तांडेल गणराज दारातूनच सांगून गेला, की सोमवारी बोट सुटणार, आणि विनेश नसला तर दुसरा माणूस तयार आहे. तुळशी म्हणाली, नवस फेडल्याबिगर पोरगा दर्यात पाय ठेवणार न्हाय. रविवार ठरला. मंगळवारी कोंबड्याने मान अंगात ओढून घेतली.

सदाने त्याला उचलून पाहिलं. तुरा जांभळट, नाकाला पाणी, डोळे अर्धे मिटलेले. आजारी कोंबडा देवीला चालत नाही, आणि मेलेला तर कुणालाच नाही.

"बोर्लीवरनं दुसरा आणतो," तो म्हणाला. "तांबडाच आणतो. देवीला काय कळतंय?"

"कळत न्हाय तर नवस कशाला बोलायचा?"

सदाने मासळीच्या क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरलं, त्यात कोंबडा बसवला आणि रिक्षाने बोर्ली पंचतन गाठलं. जनावरांच्या डॉक्टर रुचिका मॅडमनी कोंबड्याची चोच उघडून आत बघितलं.

"पाळायचाय की खायचाय?"

"सध्या रविवारपर्यंत जगवायचाय."

"आणि मग?"

"मग आमचं आम्ही बघू."

मॅडमनी एकदा सदाकडे आणि एकदा कोंबड्याकडे पाहिलं आणि औषध लिहून दिलं. खात नसेल तर पेज भरवा, म्हणाल्या.

तुळशीने ते शब्दशः घेतलं. दिवसातून चार वेळा ती कोंबड्याला मांडीवर घेऊन बसे, मऊ भाताची पेज बोटाने त्याच्या चोचीत सोडी, आणि वर पदराने चोच पुशी.

"आये, मला ताप आलता तवा बिस्किटचा पुडा दिलतास नुसता," विनेश म्हणाला.

"तुला कुठं देवीला द्यायचा हुता?"

शनिवारी सकाळी कोंबडा आरवला. आवाज फुटका होता, पण सदाला पुरेसा होता. त्याने गणराजला निरोप धाडला, की पोरगा येतोय.

रविवारी देवळात गुरव रावजीने कोंबड्याला कुंकू लावलं आणि पुढ्यात तांदूळ टाकले. कोंबड्याने दाणे टिपले की देवीने मानून घेतलं, असा रिवाज. कोंबड्याने तांदळाकडे पाहिलं. मग तुळशीकडे पाहिलं. आणि तिच्याकडे तोंड करून, चोच उघडून उभा राहिला.

रावजीने थोडे तांदूळ आणखी टाकले. चोच उघडीच.

"देवी घेत न्हाय," रावजी म्हणाला.

सदाला सोमवारची बोट डोळ्यांसमोर दिसली, आणि तिच्यावर विनेशच्या जागी दुसऱ्याचा पोरगा. तुळशी पुढे झाली. तिने जमिनीवरचे चार दाणे उचलून कोंबड्याला भरवले. त्याने गिळले.

"घेतलं," ती म्हणाली.

"तू भरवलंस, वहिनी."

"देवीसमोर खाल्लं का न्हाय?"

"खाल्लं. पण—"

"पण काय?"

रावजी चाळीस वर्षं देवीपुढे उभा होता, पण असला कोंबडा त्याने पाहिला नव्हता. तो देवीकडे बघत राहिला. देवीने काही सुचवलं नाही. तेव्हा सदा शांतपणे म्हणाला, "रावजी, मुंडी आणि एक तंगडी गुरवाची, न्हाय का?"

"व्हय."

"आठवडाभर पेज खाऊन हाय, बरं."

रावजीने कोंबडा हातात घेऊन जरा वर-खाली केला.

"देवीने घेतलं," तो म्हणाला.

दुपारी घरी रस्सा आणि वडे झाले. नातेवाइकांनी दोनदा वाढून घेतलं. तुळशी जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली.

सोमवारी पहाटे विनेश कपड्यांची पिशवी घेऊन धक्क्यावर गेला आणि सात वाजता परत आला. बोटीच्या इंजिनाचा एक पार्ट माणगावहून यायचा होता. पार्ट पुढच्या शनिवारी आला.