शेवटचा सक्तीचा विषय

या कॉलेजात कुणी कुणाला शिव्या देत नाही, प्रार्थना करतात. त्यामुळे सोमवारपासून चौघांनी "तुझ्यासाठी प्रार्थना करतेय हं" म्हटल्यावर करिसा टेबेननं ताडलं, की आपलं काहीतरी चुकलंय. ग्रंथपाल बाईंनी उगाच हात दाबला. खानावळीतल्या बाईंनी न मागता आणखी एक बटाटा वाढला आणि नजर वळवली. काय झालंय, ते मात्र एकही जण सांगेना.

गुरुवारी डीन कायपर मॅडमचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर तिचा निबंध होता, झेरॉक्स केलेला.

करिसा नर्सिंगची. पण अमेरिकेतल्या आयोवाच्या या ख्रिस्ती कॉलेजात तुम्ही नर्स व्हा नाहीतर मास्तर, बायबल, इतिहास, तत्त्वज्ञान सगळ्यांनाच सक्तीचं, आणि शेवटच्या सत्रात 'श्रद्धा आणि जीवनकार्य'. त्यात आपला विश्वास काय आहे, ते लिहायचं. हा विषय राहिला तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर जूनपासूनची हॉस्पिटलातली नोकरीही नाही. शिकवणारे रूलॉफ्स सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "खरं लिहा. वर्गातलं वर्गात राहील." बिचारीनं ते मनावर घेतलं. भाऊ डर्क ट्रॅक्टरखाली गेल्यापासून आपण नुसते ओठ हलवतो, पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही, असं तिनं लिहिलं. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली लिहिलं, 'घाई करू नकोस.'

तो कागद खोलीतल्या मैत्रिणीनं, ॲनेकानं, वाचला. ती रडली आणि तो कागद घेऊन गेल्या आठवड्यात बुधवारच्या प्रार्थनामंडळात सगळ्यांसमोर करिसासाठी प्रार्थना मागून आली. तिच्या मनात पाप नव्हतं. इथे कुणाच्याच मनात नसतं, आणि म्हणूनच मला या लोकांची भीती वाटते.

"बाळ, तुझ्यावर आमचा काडीचा राग नाही," कायपर मॅडमनी पेपरमिंटची वाटी पुढे सरकवली. "दुःखात माणूस काहीही लिहितं. पण याला पूर्ण गुण? मुलगी बुडतेय आणि मास्तर टाळ्या वाजवतोय?"

"टाळ्या नाही वाजवल्या, मॅडम. सर माझ्याबरोबर तासभर बसले होते."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. ऐकत होते."

"बघ, तूच सांगितलंस." मॅडमनी ते लिहून घेतलं. "आता नव्यानं लिही. दोन पानं. आणि शेवटी एक ओळ, की सरांकडून तुला मार्गदर्शन मिळालं नाही. तोवर विषय अपूर्ण दिसेल. समारंभ कधी आहे गं, पुढच्या शनिवारी ना? आईनं पाहुणे बोलावले असतील."

आईनं ऐंशी पाहुणे बोलावले होते.

करिसानं तडक रूलॉफ्स सरांकडे जाऊन मॅडमची अट सांगितली. ते खिडकीशी उभे होते. बाहेर अजून पेरणी न झालेली काळी शेतं होती आणि वाऱ्यावर डुकरांच्या गोठ्यांचा वास येत होता.

"माझ्यासाठी आजवर चौदा जणांनी प्रार्थना केली," सर म्हणाले. "तुझा आकडा किती?"

"चार."

"मग तू वाचशील. लिहून टाक, पोरी."

"खोटं?"

"मी एकसष्टचा आहे. तू बावीसची. लिही."

ते हसून म्हणाले, पण त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे कळूनही ती थांबली नाही, निघाली. तिला स्वतःची चीड आली.

लिहायला तिला पाऊण तास पुरला. एकही वाक्य शोधावं लागलं नाही. लहानपणापासून रविवारी ऐकलेली वाक्यं आपोआप उतरत गेली: अंधार, हात, परतलेली लेक. डर्कचं नावही त्यात चपखल बसलं. सरांविषयीची ओळ तिनं सगळ्यात शेवटी लिहिली, आणि तीही सहज उतरली.

कायपर मॅडमनी वाचलं, डोळे पुसले आणि तिच्यासमोरच संगणकावर विषय 'पूर्ण' केला.

"किती मनापासून लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नव्या मुलांना हाच नमुना देऊ या. असं लिहायचं, म्हणून. तो वर्ग आता मीच घेणार आहे."

करिसानं त्यांचे आभार मानले.