चार बोटं

लांबलचक पायांमुळे तिला सगळे टिटवी म्हणत. उंच उडीचा नाद मामाने लावला. शिकवणारा तोच, कौतुक करणाराही तोच. "एकदम डोंगराकडे बघायचं नाही," तो म्हणायचा, "आज एक बोट, पुढच्या महिन्यात आणखी एक." आणि खरंच दांडी बोटाबोटाने वर चढे, टिटवी ती पार करी, मामा टाळ्या पिटी. तिला असा हुरूप चढला, की अंगात ताप असला तरी ती मैदानावर हजर. बारीकसारीक स्पर्धांना मात्र मामा तिला पाठवत नसे. "थेट निवडचाचणीलाच सगळ्यांचे डोळे दिपवू!"

निवडचाचणीत पंचांनी पहिली उंची लावली. ही तर तिच्या हातचा मळ होती. ती ऐटीत दांडीजवळ गेली आणि चरकली. सरावात एवढी उंच दांडी तिच्या हनुवटीला यायची. इथे ती नाकाच्या शेंड्याला टेकत होती.

"माप चुकलंय," ती म्हणाली. पंचांनी तिच्यादेखत पुन्हा मोजलं. चूक नव्हती.

तिन्ही उड्यांना दांडी खाली आली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मामा कुंपणापाशी मान खाली घालून उभा होता. सरावाच्या खांबांवरचे आकडे त्यानेच रंगवले होते.

"कितीचा फरक?" तिने विचारलं.

"चार बोटं." तो म्हणाला. "मध्यंतरी तू एकाच उंचीवर अडकली होतीस गं. हिरमुसून बसायचीस. म्हटलं, जिंकल्यासारखं वाटलं की आपसूक वर जाशील. मग आकडे हळूच सरळ करणार होतो."

"मग इतके दिवस मी कशासाठी उड्या मारत होते, मामा?"

मामा गेटकडे चालू लागला.

घरी आईने भावाचीच बाजू घेतली. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना त्याने?" टिटवी ताटावरून उठली.

पुढे ती एका प्रशिक्षक बाईंकडे शिकायला गेली. बाई कडक, पण सरळ. घाम गाळून एका सकाळी तिने निवडचाचणीतली ती पहिली उंची पार केली. "शाब्बास!" बाई ओरडल्या. टिटवी गादीवर पडून राहिली. आता आनंद होईल, म्हणून वाट बघत. तो काही झाला नाही. ती उठली आणि तिने टेप मागितली.

"माझ्यावर विश्वास नाही?" बाईंनी विचारलं.

टिटवी मोजत राहिली. माप अगदी बरोबर निघालं. बाई मात्र त्या दिवसापासून तिच्याशी मोजकंच बोलू लागल्या.