मापाच्या वहीतलं नाव

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला कुणी सांगायला नको. पंचवीस वर्षं कपडे शिवतेय, पण तोंड बंद ठेवणं काही जमलं नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि त्याची पाठ वळली की सुरू व्हायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनं आणि कापायचं एक टेबल. मी टेप धरून आकडे सांगते आणि माझी लेक स्टुलावर बसून वहीत लिहिते. सहावीत होती तेव्हापासून लिहितेय, आता नववीत आहे. माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावाच्या जागी खूण लिहायला सांगते. ढेरपोट्या मास्तर. जिराफ. दोन हनुवट्या. लेक खुदुखुदु हसत लिहायची, आणि खरं सांगायचं तर तिला हसवायला मला आवडायचं.

तिच्याच वर्गातल्या एका मुलीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. जन्मापासूनच. तीन वर्षं तिचा गणवेश मीच शिवते. तिची आई दवाखान्यात नर्स आहे. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "उजव्या खांद्यात अस्तराखाली एक पातळ पॅड घाला, ताई. कुणाला कळू देऊ नका. मुलं फार छळतात."

"माझ्या पोटातून शब्द बाहेर जायचा नाही," मी म्हटलं होतं.

काम मात्र झकास केलं. बाहेरून बघणाऱ्याला संशयसुद्धा येणार नाही असं. पण त्या दोघी गेल्या आणि माझी जीभ वळवळली. "हिच्या खांद्यावर मुंगी बसली तर थेट कोपरापर्यंत जाईल," मी लेकीला म्हटलं. "लिही, घसरगुंडी."

गेल्या सोमवारी ती मुलगी भर दुपारी, शाळेच्या वेळेत, एकटीच दुकानात आली. पिशवीतून दोन शर्ट काढून टेबलावर ठेवले.

"मावशी, यातलं पॅड कुणीतरी काढलंय. दुसऱ्यातलंही काढून टाका. आता त्याचा उपयोग नाही."

"कुणी काढलं?"

खेळाच्या तासाला शर्ट बदलून ठेवला होता, ती म्हणाली. परत आली तर पॅड फळ्यावर चिकटवलेलं. गेलं वर्षभर पोरं तिच्या खांद्यावर खोडरबर ठेवतात, खडू ठेवतात, आणि खाली पडायला किती वेळ लागतो ते मोठ्यानं मोजतात. हे सगळं ती न रडता सांगत होती, मापाचे आकडे सांगावेत तसं. "उद्यापासून मी शाळेत जाणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण कार्टी आहेत ती? शाळेत येऊन एकेकाची बिनपाण्यानं करते. काय म्हणतात तुला?"

तिनं खाली बघितलं. "घसरगुंडी."

मी पॅड काढलेला शर्ट उलटा केला. अस्तर फाडलेलं नव्हतं. उसवलेलं होतं, एकेक टाका सोडवून, कापडाला जराही धक्का न लावता. असं उसवायला मी आजवर एकाच माणसाला शिवणयंत्राशी बसवून शिकवलंय.

लेक शाळेतून आली तेव्हा मी दारातच उभी होते. शर्ट तिच्यासमोर धरला आणि मारायला हात उचलला.

"तूच लिहायला सांगितलंस," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच गोंधळली होती. "आपण हसायचो ना. मी वर्गात सांगितलं तर तिथेही सगळे हसले. त्याआधी माझ्याशी कुणी बोलायचं पण नाही."

हात तसाच राहिला. मारायचं कुणाला, तेच मला कळेना.

मी नवं पॅड बसवलं, दोन्ही शर्ट घेतले आणि लेकीला घेऊन त्या मुलीच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं. मागे तिची आई नुकतीच ड्युटीवरून आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या.

"ते नाव मी ठेवलं," मी म्हटलं. "हिनं शाळेत नेलं, पण ठेवलं मी. पॅडही हिनंच उसवलं. चुकलं आमचं, बाळा."

तिची आई फक्त एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं."

मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती. "मावशी, माझं खरं नाव काय आहे?"

तीन वर्षं त्या खांद्यांना टेप लावली होती. दंड, छाती, उंची, सगळं मला तोंडपाठ होतं. नाव येईना. तेवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

माझ्या मागून लेकीनं ते नाव हळूच उच्चारलं.

मुलगी तिच्याकडे वळली. "हे वर्गात म्हणशील? आणि पॅड कुणी काढलं, तेही? सगळ्यांसमोर?"

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग उद्या येते," मुलगी म्हणाली. "फक्त उद्या. पुढचं नंतर बघेन."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एकही शिवण सरळ आली नाही. संध्याकाळी लेक आली. डोळे सुजलेले. दप्तर न काढताच स्टुलावर बसली.

"सांगितलंस?"

"हो. बाईंना विचारून, पुढे उभी राहून."

"मग?"

"पोरांनी मलाच नाव ठेवलं. मधल्या सुट्टीभर त्याच नावानं हाका मारत होते." कोणतं नाव ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ती आली होती?"

"आली होती." लेकीनं नाक पुसलं. "सगळा वर्ग हसत होता, आई. ती एकटीच हसली नाही."