हरवल्यावर वाचायची सूरह

भरल्या ताटावरून उठणाऱ्याला रुकय्याबींच्या घरात माफी नव्हती, मग तो पोटचा मुलगा का असेना. आणि हाशिर आठवडाभर तेच करत होता. दोन घास चिवडायचे नि भिंतीकडे तोंड करून पडायचं. मोबाइलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदीच बसतील असा हुकूम निघाला आणि कफीलनं, ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा त्या सौदी मालकानं, त्याला घरी बसवलं. दम्माममध्ये अशी घरोघरी रड होती, इथवर ठीक. पण आज जुम्मा असून मेल्याची आंघोळ नाही.

"मशिदीत जायचंय ना रे?"

"अल्लाह नाराज आहे माझ्यावर. कुठल्या तोंडानं जाऊ?" मग तो कडवट हसला. "तू वाच तुझी वद्दुहा. नोकरी हरवलीय."

रुकय्याबींना झोंबलं. श्रीवर्धनला होत्या तेव्हापासूनची रीत त्यांची. किल्ली हरवो, बकरी चुको, वद्दुहाची सूरह, कुराणातला तो छोटासा अध्याय, पुटपुटायची. सासूनं शिकवलेली. अरबी तोंडपाठ; अर्थ कुणी सांगितला नाही, यांनी विचारला नाही.

त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. सून फरहाना दर आठवड्याला शेजारणींबरोबर कुराण अर्थासकट शिकायची. तव्यावर घावन घालत रुकय्याबी तिला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या बाया. सांग, वद्दुहात किल्लीचं कुठं आलंय?"

फरहानानं हसू दाबत पुस्तक काढलं. "किल्लीचं नाही, अम्मी. मक्केत काही दिवस अल्लाहचा संदेश यायचा थांबला. नबीसाहेबांचा जीव कासावीस. वर लोकांचे टोमणे, तुझ्या रबनं तुला टाकलं. तेव्हा ही उतरली. चढत्या उन्हाची शपथ, तुझ्या रबनं तुला टाकलं नाही, तो नाराजही नाही."

"पुढं?"

"तू यतीम होतास, बिनबापाचा पोरका, त्यानं आसरा दिला नाही का?"

रुकय्याबींचं घावन जन्मात पहिल्यांदा करपलं.

"इतकी वर्षं मी हे बकरीसाठी वाचलं गं!"

दुसरं घावन, त्यावर नारळाचं दूध, अशी ताटली घेऊन त्या हाशिरपाशी बसल्या. खिडकीतून ऊन त्याच्या पाठीवर आलं होतं. त्याच पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"टाकलं ते कफीलनं. अल्लाहचं नाव कशाला घेतोस? तुझा बाप गेला, मी तुला कडेवर घेऊन निघाले, तेव्हा मामाचं दार त्यानंच उघडलं ना? तो नाराज नाही, फरहानाच्या पुस्तकात लिहिलंय. खा, आंघोळ कर, खाली मशिदीत जा. पुन्हा ताटावरून उठलास तर नाराज मी होईन, हाशिर, आणि मी काही त्याच्याइतकी रहमदिल नाही."