चिखलात घालायचं पोलकं

दोन हजार सहा साली आटगावात शनिवारी दुपारी साडेतीनला वीज जायची. टीव्हीवरची कपडे शिवण्याची स्पर्धा अडीचला सुरू व्हायची आणि साडेतीनला संपायची, म्हणजे संपायला हवी होती. जाहिरातींनी ती लांबायची आणि परीक्षक निकाल सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात पडदा काळा व्हायचा. खरा निकाल पुढच्या शनिवारी सुरुवातीला कळायचा. तोवर माझ्या शिवणवर्गाच्या मुली आपला निकाल लावून मोकळ्या झालेल्या असायच्या.

वर्ग माझ्या पडवीत भरायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दोन मशिनी घेतल्या होत्या, सहा मुली येत होत्या. वर्ग सुटला की सगळ्या आत टीव्हीसमोर बसायच्या. शेजारच्या सकुबाईसुद्धा यायच्या. त्यांचं वय सत्तरीपुढचं, नेसण नऊवारी, आणि कार्यक्रम हिंदीत असला तरी मत मात्र प्रत्येक गोष्टीवर.

जून महिन्यातल्या एका शनिवारी स्पर्धकांना जुन्या पडद्यांतून एका दिवसात पोशाख करायला सांगितला होता. एका अबोल मुलीने अस्तर लावून, हातशिलाई करून साधा झगा पुरा केला. एका मुलाचा वेळ संपला, त्याने कापड अंगावर टाचण्यांनीच बसवलं आणि बाईला चालायला पाठवलं. नेमकी तेव्हा वीज गेली.

"टाचणीवाला गेला," मनस्वी म्हणाली. तिचे वडील रोज मुंबईला नोकरीला जात आणि घरी भातशेतीही होती. वर्गात सगळ्यात सफाईदार हात तिचाच. "कापड शिवलंच नाय त्याने. गेला म्हणजे गेला."

"टाचण्या लावून पोरगी बाहेर सोडली," सकुबाई म्हणाल्या. "ती खाली बसल कशी गो?"

"तिथं बसायचं नसतं, आजी. चालायचं आणि परत यायचं."

"मग शिवायचं तरी कशाला? गुंडाळायचं नि चालायचं."

पुढच्या शनिवारी कळलं, अबोल मुलगी बाहेर गेली होती. तिच्या कामात नवीन काही नाही म्हणे. टाचण्यांचा मुलगा राहिला, वर त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी मुलींचा राग शमेना. मनस्वी म्हणाली की पहिल्या भागात काम पुरं करायलाच हवं असं सांगितलं होतं, मग मागनं नियम कसा बदलला? वर्गातलीच पूजा म्हणाली की परीक्षक कपडा उलटा करून बघतच नाहीत.

रविना तानशाकडच्या पाड्यावरून चालत यायची, सतरा वर्षांची होती. ती म्हणाली, "त्याने मागच्या बारीला बापाचं सांगितलं ना, आजारी हाय म्हणून. रडला. म्हणून ठेवला त्याला. कामाला बघावं. घरचं कशाला सांगायचं?"

रविनाच्या घरचं मला माहीत होतं. तिचे आईवडील, जना आणि नवसू, दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात आणि अक्षय्य तृतीयेला परत येत. मुलं बरोबर जायची. असं करता करता तिची दहावी राहिली होती. शहापूरला मावशी होती, पण मावशीकडे नुसतं राहायला कोण ठेवणार?

त्याच सुमारास शहापूरच्या बाजारात गणवेश शिवणाऱ्या एका वहिनींनी मला निरोप पाठवला. दुकानात अर्धा दिवस मदतीला मुलगी हवी होती. तुमच्या वर्गातली चांगली असेल ती पाठवा, बाकीचं मी शिकवीन. मी हे मुलींना सांगितलं. मनस्वीचा चेहरा उजळला. तिला पुढे स्वतःचं दुकान टाकायचं होतं आणि तसं ती वडिलांना बोलूनही बसली होती. रविनाने मान खाली घालून सुईत दोरा ओवला. दुकानातलं काम मिळालं तर मावशीकडे राहायला कारण मिळत होतं, मार्चमध्ये परीक्षा देता येणार होती. नाही मिळालं तर दिवाळीनंतर भट्टी.

"तुमी कशी निवडणार?" मनस्वीने विचारलं. "ते टीव्हीवाले निवडतात तशी?"

"तुम्हीच नियम सांगा," मी म्हणाले.

त्यांनी तीन नियम सांगितले आणि मी ते वहीत लिहिले. कपडा उलटा करून बघायचा, हा पूजाचा. घरची परिस्थिती कोणी सांगायची नाही, हा रविनाचा. एकदा लिहिलेलं मागून बदलायचं नाही, हा मनस्वीचा.

काय शिवायचं ते मी ठरवलं. टीव्हीवर नुसतं चालून दाखवतात, तर आपण वाकून दाखवू. प्रत्येकीने आईसाठी भाताच्या लावणीत घालायचं पोलकं शिवायचं. कापड मी सगळ्यांना सारखं दिलं, निळं. ते घालून आयांनी सकुबाईंच्या खाचरात अर्धा दिवस लावणी करायची. एरवीही त्या एकमेकींच्या शेतात जातच होत्या. लावणीत बाई तासन्‌तास कमरेत वाकलेली असते. उभ्या अंगावर बेतलेलं पोलकं पाठीवर चढतं, मग ती चिखलाच्या हाताने ते मागून खाली ओढते. पाठीवर चिखलाची बोटं जितकी जास्त, तितकं पोलकं वाईट बेतलेलं. मोजायला सोपं, वादाला जागा नाही. ही परीक्षा मला इतकी आवडली की मी ती कोणाला विचारून बघितली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लावणीचा दिवस ठरला. सकाळी आठला मी वही घेऊन बांधावर उभी राहिले, मुली मागे. पाच बाया निळी पोलकी घालून खाचरात उतरल्या. जना सगळ्यात शेवटी आली. तिच्या अंगावर विटलेलं, खांद्यावर ठिगळ लावलेलं जुनंच पोलकं होतं.

रविना बांधावरून पुढे गेली. "आये, नवं कुठंय?"

"घरी हाय."

"घातलं का नाय?"

"नवं हाय गो ते," जना म्हणाली. रोपांची मूठ तिने हातात घेतलीसुद्धा होती. "तुझ्या हातचं पयलं. चिखलात कोण घालतं? देवापुढं ठेवलंय, कुंकू लावून. गावदेवीला जाताना घालीन."

"अगो, चिखलासाठीच शिवलेलं ते," सकुबाई म्हणाल्या.

जनाला ते खरं वाटलंच नाही. ती हसली आणि वाकून लावायला लागली. पाडा तिथून तासाभराच्या वाटेवर. जाऊन येईपर्यंत वेळ संपला असता. आणि आणलं असतं तरी तिने घातलं नसतं.

दुपारी बाया वर आल्या तेव्हा मी एकेकीची पाठ बघितली. पूजाच्या आईच्या पाठीवर अकरा बोटं. एकीच्या पाठीवर तर मोजताच येईनात. मनस्वीच्या आईच्या पाठीवर चार. नंतर पोलकी धुऊन, उलटी करून बघितली, तर मनस्वीची शिलाई आतूनही बाहेरच्यासारखीच होती. वहीत तिचं नाव सगळ्यात वर आलं. रविनाच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही.

"मी तुझ्या आईशी बोलू का?" मी रविनाला एकटीला गाठून विचारलं.

"नको बाई. नेम म्हंजे नेम. घरचं सांगायचं नाय, मीच बोलले होते."

घरी आल्यावर तो कोरा ठेवलेला रकाना मला सोडेना. शाळेत असताना कधी कधी प्रश्नपत्रिकेत प्रश्नच चुकीचा यायचा. तेव्हा आम्ही मुलांचे गुण कापत नव्हतो. इथे मीच प्रश्न काढला होता. बाकी आयांच्या घरी चार पोलकी होती, त्यातलं एक चिखलात गेलं तर बिघडत नव्हतं. जनाला किती वर्षांनी नवं पोलकं मिळालं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. नव्या कापडाला चिखल लावा असं मी त्या बाईला सांगत होते, आणि तिने न ऐकून मुलीच्या कामाचा मानच ठेवला होता.

पण मला हे भट्टीमुळे तर सुचत नाही ना? पूजाच्या आईने असं केलं असतं तर मी पुन्हा परीक्षा घेतली असती का? घेतली असती असं वाटत होतं. खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना बसवलं आणि सांगितलं की प्रश्न काढताना चूक माझी झाली. रविनाने तेच पोलकं जुन्या कापडातून पुन्हा शिवावं आणि जनाने ते घालून लावणी करावी. ज्यांना पुन्हा शिवायचं असेल त्यांनी शिवावं.

"लिहिलेलं बदलायचं नाय," मनस्वी म्हणाली.

"हो. तुझा नियम मी मोडतेय."

"टीव्हीवर असं केलं असतं ना बाई, तर तुमीच नावं ठेवली असती."

"ठेवली असती."

"आणि तिने आमची पोलकी बघितली. कुठं चढली, कुठं नाय, सगळं बघितलं. आता ती सुधारून शिवणार."

हे बरोबर होतं आणि मला सुचलं नव्हतं. "मग काय करू, तूच सांग," मी म्हणाले.

मनस्वीने वही ओढून नियम पुन्हा वाचले. "पयलं पोलकं आणा. दुसरं त्याच्यावर ठेवून बघायचं. बेत तोच पायजे. बोटभर जरी फरक असंल तरी बाद."

"चालंल," रविना म्हणाली.

मनस्वीने दुसरं पोलकं शिवायला नकार दिला. तिचं काम झालं होतं, ती म्हणाली, ते तिला पुन्हा सिद्ध करायचं नव्हतं.

दोन दिवसांनी रविनाने दोन्ही पोलकी आणली. कुंकवाचा डाग असलेलं निळं, आणि आईच्या जुन्या लुगड्यातून शिवलेलं. मनस्वीनेच ती एकावर एक अंथरली, टाचण्यांनी चारही बाजू धरल्या, बाह्यांचे मुंढे जुळवले. पाठ पुढच्या भागापेक्षा चार बोटं लांब ठेवलेली, काखेत चौकोनी तुकडा जोडलेला, पुढे हूकच्या जागी गाठ. दोन्हींत तेच. "सारखंच हाय," मनस्वी म्हणाली आणि टाचण्या काढून डबीत टाकल्या.

सकुबाईंची दोन खाचरं लावायची उरली होती. जना उतरली. जुन्या लुगड्याचं असल्यामुळे तिने यावेळी काहीच विचारलं नाही. बाकीच्या बायाही आपापल्या निळ्या पोलक्यांत होत्या, कारण ती आता चिखलाचीच झाली होती. दुपारपर्यंत आम्ही सगळ्या बांधावर होतो आणि मला दिसत होतं की मनस्वी आपल्या आईकडे न बघता जनाकडेच बघते आहे. जनाचा हात मुठीकडे जायचा, चिखलात जायचा, पुन्हा मुठीकडे. पाठीकडे एकदाच गेला, तोही डास मारायला.

वर आल्यावर पाठ बघितली. एका खांद्यावर तो एक ठसा. खाली काही नाही.

"ते डासाचं हाय," सकुबाई म्हणाल्या. "ते धरू नका."

"धरा," रविना म्हणाली. "एक म्हणून धरा."

आतून मात्र तिची शिलाई मनस्वीइतकी नीट नव्हती. जुनं लुगडं अपुरं पडल्यामुळे एका कडेला दशा दिसत होत्या. ते मी लिहिलं. तरी लावणीचं पोलकं म्हणून रविनाचंच वर ठेवावं लागलं, आणि वहिनींना तिचं नाव कळवलं. चिठ्ठीत भट्टीचा उल्लेख केला नाही.

निकाल ऐकून मनस्वीने वही मागितली. "तिच्या खुणा कमी हायत, ते मला मान्य हाय," ती म्हणाली. "पण नियम बदलला तो बदललाच. मी लिहू खाली?"

"लिही."

तिने लिहिलं: निकाल पटला, पद्धत पटली नाही. खाली सही केली. ते मी खोडलं नाही. रविनाने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर हाय तिचं." मग दोघींत चार दिवस बोलणं नव्हतं, आणि पाचव्या दिवशी रविना शहापूरला जाणार म्हणून मनस्वीने तिला काखेतला तुकडा कसा बेतला ते विचारलं. रविनाने वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवला.

दिवाळीनंतर पाड्यावर ट्रक आला. जाताना तो माझ्या दाराशी थांबला, पण जना खाली उतरली नाही. मागे भांडी, गोधड्या, टोपलीत दोन कोंबड्या. रविनाचा धाकटा भाऊ कोंबड्यांजवळ बसला होता. रविना शहापूरला मावशीकडे होती.

"बाई, शनवारी तिचं दुकान लवकर सुटतं," जना म्हणाली. "तुमच्याकडं आली तर जेवाय घाला. मावशी देते, पण भात कमी देते."

"घालीन," मी म्हणाले.

ट्रक गेला. त्या शनिवारी मी भात थोडा जास्त टाकला. रविना दीड वाजता आली, हात धुऊन जेवायला बसली आणि म्हणाली की वहिनींनी तिला आता कॉलरी शिवायला दिल्यात, पण टोकं अजून नीट निघत नाहीत.